नवरा चांगला आहे, हीच तर खरी भानगड: १९व्या शतकातल्या 'लग्नातल्या बाई'च्या कथा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

बीएच्या दुसऱ्या वर्षी मी पेपरात दीड पान भरून लिहून आले होते की केट शोपॅनच्या 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' या कथेतली मिसेस मॅलर्ड, मेला असं कळलेल्या नवऱ्याला जिवंत बघून आनंदाच्या भरात मेली. कथेच्या शेवटच्या ओळीत डॉक्टर तेच सांगतात, मग मीही तेच सांगितलं, एकदम कॉन्फिडन्समध्ये. दहापैकी दोन मार्क, आणि बाजूला लाल पेनने दोनच शब्द, "नीट वाचा". आता नीट म्हणजे कसं ते काही कोणी सांगितलं नाही, नोट्समध्येही 'फ्रीडम, सिम्बॉलिझम, आयरनी' असं तीन ओळींत उरकलेलं. पुढे रडतखडत एमए केलं, आता दर महिन्याला आम्ही दहा-बाराजणी मिळून वाचतो, त्यात बँकेतून रिटायर झालेल्या आहेत, एक डबे देणारी आहे, दोघी कॉलेजच्या मुली आहेत, आणि प्रत्येक नवीन येणारी बरोबर तिथेच अडखळते जिथे मी अडखळले होते. म्हणून हे एकदा क्रमाने लिहून ठेवतेय.

विषय असा, की १९व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत काही बायकांनी अशा छोट्या कथा लिहिल्या ज्यात लग्न झालेली बाई आहे, घर ठीकठाक आहे, मारहाण नाही, दारू नाही, आणि तरी तिला काहीतरी हवंय. ते काहीतरी म्हणजे काय हे वाचता आलं पाहिजे, बस.

काय काय लागेल

- चार कथा, चारही अमेरिकन:
  - मेरी विल्किन्स फ्रीमनची 'द रिव्होल्ट ऑफ मदर' (१८९०)
  - केट शोपॅनची 'अ पेअर ऑफ सिल्क स्टॉकिंग्ज' (१८९७)
  - शोपॅनचीच 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' (१८९४)
  - शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२)
- चारही कथांचा कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतात, कोणाला पैसे देऊ नका.
- प्रिंटआउट आणि शिसपेन्सिल. मोबाइलवर वाचलं तर मागे जाऊन बघायचा कंटाळा येतो आणि या कथांमध्ये मागे जाऊन बघण्यातच सगळं आहे.
- डिक्शनरी, पण पहिल्या वाचनाला नाही.

दोन सूचना. शाळेसाठी सोपी करून छापलेली आवृत्ती घेऊ नका, त्यात नेमकी खिडकीबाहेरची वर्णनं कापलेली असतात, म्हणजे कांदेपोह्यातले कांदे आणि पोहे दोन्ही काढून प्लेट दिल्यासारखं. आणि कथा वाचायच्या आधी समरीचा व्हिडिओ अजिबात बघू नका. हो, आणि ते नाव शोपॅन आहे, मी वर्षभर 'चॉपिन' म्हणत होते आणि कोणी टोकलं नाही.

पायरी १: सुरुवात सगळ्यात छोट्या कथेने करू नका

सगळे 'स्टोरी ऑफ ॲन अवर'ने सुरुवात करतात कारण ती हजारभर शब्दांची आहे, दहा मिनिटांत संपते. आणि मग पहिली रिॲक्शन येते, "काय बाई आहे, नवरा मेला आणि ही खूश!" ती रिॲक्शन एकदा आली की पुसायला फार वेळ लागतो. म्हणून वर दिलाय त्याच क्रमाने वाचा.

फ्रीमनची कथा आधी, कारण त्यात गोष्ट सरळ आहे. न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, शेतकरी कुटुंब, सारा पेन आणि तिचा नवरा अडोनिरम. लग्न झालं तेव्हा त्याने सांगितलेलं की इथे आपण नवं घर बांधू. चाळीस वर्षं झाली. आता पोरीचं लग्न ठरलंय आणि नेमक्या त्याच जागेवर हा गडी नवा गोठा बांधायला काढतो, असलेल्या गोठ्यांवर आणखी एक! ती एकदा बसवून त्याला सगळं सांगते, तो म्हणतो मला काही बोलायचं नाहीये, संपलं. मग तो घोडा बघायला परगावी जातो आणि ही बाई चूल, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळं उचलून नव्या गोठ्यात राहायला जाते.

भाषेचा एक घोळ आहे. पात्रं गावाकडचं इंग्लिश बोलतात, स्पेलिंगं वेडीवाकडी दिसतात, ते छपाईचे दोष नाहीत, मोठ्याने वाचा म्हणजे कळतं.

पायरी २: कायदा बघून घ्या, पण दहाच मिनिटं

इंग्लिश परंपरेच्या कायद्यात लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळायचं, तिची मालमत्ता, कमाई, करार सगळं त्याच्या हातात. अमेरिकेत हे हळूहळू सैल झालं, मिसिसिपीने १८३९ मध्ये, न्यू यॉर्कने १८४८ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे केले, पुढे बाकीची राज्यं. घटस्फोटही मिळायचा, गिलमनचा स्वतःचा १८९४ मध्ये झाला.

हे कशासाठी सांगतेय, तर "तेव्हा बायकांना काहीच हक्क नव्हते" असं एक वाक्य सगळे ठोकून देतात आणि ते ढिसाळ आहे. या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा कागदावर बरंच बदललं होतं. कोर्टात जाऊन जे मागता येत नाही तेच या कथांमध्ये आहे. दुपारची झोप कुठल्या खोलीत घ्यायची, खिडकी उघडी की बंद, हातात आलेल्या पैशांचं काय करायचं, आज लिहायला बसू की नको.

पायरी ३: व्हिलन शोधणं बंद करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अवघड, कारण आपल्याला सीरियलची सवय. आम्ही सुरुवातीला बसलो की अर्धा तास याच्यातच जायचा, नवऱ्याने काय केलं, नक्की काहीतरी केलं असणार, लेखिकेने लिहिलं नसेल.

नाही हो, काहीच नाही केलेलं. मॅलर्ड बाईच्या नवऱ्याने कधी प्रेमाशिवाय तिच्याकडे बघितलं नाही हे कथेतच लिहिलंय. अडोनिरम मेहनती आहे, शेवटी रडतो. सिल्क स्टॉकिंग्जमध्ये तर नवरा येतच नाही. आणि वॉलपेपरमधला जॉन डॉक्टर आहे, बायकोची तब्येत सुधारावी म्हणून उन्हाळ्यापुरतं मोठं घर भाड्याने घेतो, तिला उचलून वर नेतो, झोपवतो, वाचून दाखवतो. ती बायकोच ही कथा सांगते, आणि त्याच्याबद्दल एक वाक्य लिहिते, त्याचा अर्थ साधारण असा की फार काळजी घेतो, प्रेमळ आहे, आणि त्याने सांगितल्याशिवाय मला जागचं हलूही देत नाही. एकाच वाक्यात, तक्रारीचा सूरसुद्धा न लावता. त्या वाक्याखाली पेन्सिल मारा.

'अवर'मध्ये याच मुद्द्यावर मधोमध एक जागा आहे जी मी चार वेळा वाचूनही सोडून दिली होती. मिसेस मॅलर्डच्या डोक्यात येतं की इथून पुढे आपल्या मर्जीवर दुसऱ्या कोणाची मर्जी चढून बसणार नाही, आणि ही लादालादी चांगल्या हेतूने केली काय किंवा वाईट हेतूने, गुन्हा तो गुन्हाच. नीट बघा, तिथे 'पुरुष' असं नाहीये, 'पुरुष आणि स्त्रिया' असं आहे. म्हणजे ती फक्त नवऱ्यावर चिडलेली नाही, दोन माणसं एकमेकांना बांधली की आपोआप जे होतं त्याबद्दल ती बोलतेय. तिचं त्याच्यावर प्रेम होतं का? होतं, कधीकधी. बरेचदा नव्हतं. हेही कथेतच आहे, आणि पुढच्याच दमात ती म्हणते की त्याने काय फरक पडतो.

आमच्यातल्या एक काकू, एरवी गप्प बसणाऱ्या, हे वाचल्यावर म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही. पण पंख्याचा स्पीड तेच ठरवतात." सगळ्या हसल्या, मग कोणीच काही बोललं नाही बराच वेळ. मला वाटतं त्या दिवशी आमची ही पायरी झाली.

पायरी ४: दार, खिडकी, पलंग, कपडे, सगळ्याला गोल करा

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन फक्त वस्तू शोधा. भावनांचे शब्द सोडून द्या, या बायका भावना सरळ सांगतच नाहीत, त्यांना स्वतःलाच माहीत नसतात.

'अवर' घ्या. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते, ती बहिणीच्या गळ्यात पडून रडते आणि मग एकटी खोलीत जाते. खोलीत काय आहे? उघडी खिडकी, तिच्यासमोर ऐसपैस आरामखुर्ची. बाहेर झाडांच्या शेंड्यांना नवी पालवी, हवेत पावसाचा वास, खाली फेरीवाला ओरडतोय, लांबून कोणाचं तरी गाणं येतंय, वळचणीला चिमण्या, ढगांमधून निळे तुकडे. नवरा मेलाय आणि बाहेर वसंत चालू आहे! अजून तिच्या डोक्यात 'मोकळी' हा शब्द आलेला नाही, पण खिडकीतून तो यायला लागलाय, आणि ती त्याला ढकलायचा प्रयत्न करते, जमत नाही, मग तोंडातून हळूच निघून जातो, तीनदा. दाराबाहेर बहीण किल्लीच्या भोकाला तोंड लावून विनवतेय, दार उघड, आजारी पडशील. आत ही खिडकीतून जगणं पितेय.

आणि एक बारीक तपशील. कालपर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचाराने तिला शहारा यायचा, आज ती देवाजवळ मागते की आयुष्य लांब असू दे. माझ्या मते अख्ख्या कथेत यापेक्षा भयंकर वाक्य नाही, शेवटापेक्षाही.

वॉलपेपरमध्ये वरच्या मजल्यावरची खोली आहे, खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, पलंग जमिनीला ठोकलेला. ती बिचारी म्हणते पूर्वी इथे मुलांची खोली असेल, नंतर व्यायामशाळा. तिला स्वतःला खाली गुलाबांच्या बाजूची खोली हवी होती, जॉनने ऐकलं नाही. गज आपल्याला दिसतात, तिला दिसतात पण कळत नाहीत, आणि भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे कोंडलेली बाई मात्र तिला दिसायला लागते.

साराच्या गोठ्यात तर सगळं सुंदर. घोड्यांच्या खणांसमोर गोधड्या टांगल्या की झाल्या झोपायच्या खोल्या, खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीला धुराडं आणि फळ्या आहेत, ते झालं स्वयंपाकघर. जनावरांची सोय माणसांपेक्षा किती चांगली केलेली ते न बोलता कळतं. आणि नवरा परत येतो शनिवारी संध्याकाळी, तेव्हा ताटात काय असतं? ब्राउन ब्रेड, बेक केलेले बीन्स, कस्टर्ड पाय, म्हणजे शनिवारी त्याला जे आवडतं तेच! बंड केलंय, पण जेवण त्याच्या आवडीचं. आमच्यात यावर जोरदार भांडण झालं, निम्म्या म्हणाल्या ही कसली बंडखोर, निम्म्या म्हणाल्या हीच खरी हुशार. मी दुसऱ्या गटात.

स्टॉकिंग्जमध्ये मिसेस सॉमर्सच्या हातात अचानक पंधरा डॉलर येतात. पोरांचे बूट, शर्टाचं कापड, टोप्या, सगळा हिशोब रात्र रात्र जागून झालेला. दुकानात काउंटरला टेकते आणि हाताखाली काहीतरी मऊ लागतं, रेशमी मोजे, अडीच डॉलरचे उतरवून एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटला लावलेले. घेते, बायकांच्या खोलीत जाऊन लगेच घालते. मग बूट, हातमोजे, मासिकं, हॉटेलात जेवण, नाटक. परत जाताना केबल कारमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रामसारख्या गाडीत, बसल्यावर तिला वाटतं ही गाडी कुठे थांबूच नये. ज्यांनी दिवाळीच्या बोनसचे पैसे हातात धरून तुळशीबागेत स्वतःसाठी काय घ्यावं याचा विचार केलाय आणि शेवटी पोरांचे कपडे घेऊन घरी आल्यात, त्यांना ही कथा समजावून सांगायला लागत नाही.

पायरी ५: हे वाक्य कोणाच्या तोंडचं, प्रत्येक वेळी विचारा

माझे आठ मार्क इथे गेले. 'अवर'च्या शेवटी नवरा दारातून आत येतो, प्रवासाची बॅग, छत्री, त्याला अपघाताचा पत्ताच नाही. ती कोसळते, आणि डॉक्टर म्हणतात हृदयविकार, आनंदाने जीव गेला. हे डॉक्टरांचं निदान आहे, लेखिकेचं नाही. खोलीत काय झालं ते डॉक्टरला माहीत नाही, नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. फक्त आपल्याला माहीत आहे. म्हणजे तिचा तो तास आता जगात एकट्या वाचकाकडे उरलाय, आणि तोच वाचक पेपरात "आनंदाने मेली" लिहून येतो. असो.

वॉलपेपरमध्ये सगळं तिच्याच लिखाणातून येतं आणि ते लिखाणही चोरून. जॉन आला की ठेवून द्यायचं, त्याला एक शब्द लिहिलेला आवडत नाही. म्हणजे जिथे लिखाण तुटतं तिथे जिन्यावर पावलं वाजलीत असं समजा.

नावंही तपासा. 'अवर'मध्ये ती आधी फक्त मिसेस मॅलर्ड, नवऱ्याच्या आडनावाने. लुईझ हे तिचं नाव आपल्याला कळतं ते ती मोकळी झाल्यानंतर, बहीण दाराबाहेरून हाक मारते तेव्हा. वॉलपेपरमधल्या बाईचं नाव ती स्वतः कधी सांगतच नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलेलं जिने बघितलंय, तिला इथे वेगळं काही सांगायला नको.

पायरी ६: लेखिकेचं चरित्र सगळ्यात शेवटी

आधी वाचलं की कथा म्हणजे डायरी वाटायला लागते. शोपॅनचे वडील १८५५ मध्ये रेल्वेचा पूल कोसळून गेले, घरात आई, आजी, पणजी सगळ्या विधवा. १८७० मध्ये लग्न, १८८२ मध्ये नवरा मलेरियाने गेला, सहा मुलं आणि कर्ज मागे. यावरून लगेच "म्हणजे तीच मिसेस मॅलर्ड" असं करू नका. अपघात तिथून आला असेल, बाकी कथा घडवलेली आहे, एकेक शब्द मोजून.

गिलमनचं मात्र वाचाच, पण कथेनंतर. बाळंतपणानंतर ती खचली, तेव्हा १८८७ मध्ये तिला फिलाडेल्फियाच्या डॉ. वेअर मिचेलकडे पाठवलं. त्यांची 'रेस्ट क्युअर' प्रसिद्ध, झोपून राहा, खा, डोक्याला ताण नको. घरी सोडताना सांगितलं की जमेल तेवढं घरातच रमा, दिवसात दोन तासांवर बौद्धिक काम नको आणि जन्मात पेन, ब्रश, पेन्सिल हातात धरू नका. तिने तीन महिने पाळलं, वेड लागायच्या काठावर आली, मग सोडून दिलं आणि पुढे ही कथा लिहिली. हे तिने स्वतः १९१३ मध्ये सांगितलंय.

आता माझं एक वेड सांगते. त्याच फिलाडेल्फियात आदल्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली होती. आणि मार्च १८८७ मध्ये इकडे मुंबईत हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, त्यावर त्यांनी तुरुंग चालेल म्हणून कळवलं. हे मी वहीत एकाखाली एक लिहिलंय. पण म्हणून पेपरात "दोन्हीकडे सारखंच" असं लिहू नका. रखमाबाई अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, सासरी कधी गेल्याच नव्हत्या, त्यांची लढाई कायद्याशी आणि उघड्यावर. मिसेस मॅलर्डला आतून बंद करता येईल असं दार आहे, जॉनच्या घरी बाळाला सांभाळायला मेरी आहे. त्या मेरीला काय हवं होतं ते कोणीच लिहिलेलं नाही, आणि ही या कथांची मर्यादा मला दर वाचनात जास्त टोचते.

फ्रीमनची गंमत वेगळीच. १९१७ मध्ये तिने स्वतःच सांगितलं की ती कथा खोटी आहे, न्यू इंग्लंडमधली खरी बाई असं कधी करणार नाही, उलट गोठा मोठा हवा हे तिलाही पटेल. मी लेखिकेचं ऐकत नाही. तुम्ही ठरवा.

पायरी ७: एक परिच्छेद स्वतः मराठीत करून बघा

पेपर असो वा नसो, हे कराच. खिडकीजवळचा परिच्छेद घ्या आणि 'फ्री' हा शब्द मराठीत काय करायचा ते ठरवा. 'स्वतंत्र' म्हटलं की पंधरा ऑगस्ट वाटतं. 'मुक्त' म्हटलं की कीर्तन. 'मोकळी' चांगला आहे, केस मोकळे, श्वास मोकळा, पण थोडा हलका पडतो. आमच्यातल्या डबेवाल्या ताई म्हणाल्या, "सुटले, सुटले, सुटले". मी आधी नको म्हटलं, कारण आपण 'सुटला बिचारा' म्हणतो ते गेलेल्या माणसाबद्दल, मागे राहिलेल्याबद्दल नाही. ताई म्हणाल्या, अहो म्हणूनच.

आता आमच्या प्रिंटआउटवर तेच लिहिलेलं आहे, पेन्सिलने. पुढच्या महिन्यात शोपॅनची १८९९ ची कादंबरी 'द अवेकनिंग' घेतोय, ती मोठी आहे, तुम्ही या चार कथा दोन-दोनदा झाल्याशिवाय तिला हात लावू नका.